टेस्ट बार त्याच हीटचा हवा: कामाच्या जागी शिकणाऱ्या मुलांचं मूल्यमापन आणि मोबाईल

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मेटल तयार झालं की दोन कामं पाठोपाठ होतात. साच्यांमध्ये मेटल ओतलं जातं आणि त्याच लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, एक छोटा टेस्ट बार ओतून बाजूला ठेवला जातो. त्यावर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मेटलचा नंबर, पडतो. कास्टिंगची, म्हणजे साच्यातून निघालेल्या भागाची, ताकद किती, असं गिऱ्हाइकाने विचारलं की तो बार मशीनवर ओढून, तोडून दाखवतात. हाच बार महिन्याभराने, दुसऱ्याच हीटमधून ओतला तर? तो कितीही चांगला निघो, आधीच्या कास्टिंगबद्दल त्यावरून काहीच कळणार नाही. फौंड्रीतल्या नव्या हेल्परलाही हे सांगावं लागत नाही.

आम्ही शिक्षक मात्र वर्षानुवर्षं महिन्याभराने बार ओतत आलो. मुलगा कारखान्यात शिकायला जातो, रोज डायरी लिहितो, महिनाअखेरीला मिस्त्री किंवा सुपरवायझर सह्या करतो आणि आम्ही त्या डायरीवरून गुण देतो. एकदा माझ्या हातात अकरा डायऱ्या आल्या. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच बैठकीत केलेल्या. त्यातल्या एका मुलाने सव्वीस दिवस एकच ओळ लिहिली होती : 'लेथ मशीनवर काम केले.' मी त्याला शेजारी बसवून विचारलं, तेव्हा कळलं की त्यातले अठरा दिवस तो पॅकिंगला होता. मुलगा खोटारडा नव्हता. डायरीत काय लिहायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि काय घडलं ते त्या दिवशी कुणी टिपलंही नव्हतं.

हा लेख त्या टिपण्याबद्दल आहे. मुलाच्या आणि मिस्त्रीच्या खिशातला मोबाईल वापरून कामाच्या जागीच, कामाच्या वेळीच मूल्यमापन कसं करता येतं, ते कुठं अडतं आणि कुठं फसवतं, हे जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगतो.

हा प्रश्न आता फक्त आयटीआयचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आपल्या राज्यात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणात 'ऑन जॉब ट्रेनिंग', म्हणजे मुलं ज्याला ओजेटी म्हणतात, ते आलं. त्याला ४ श्रेयांक आहेत, म्हणजे सुमारे १२० तास. आयटीआयच्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाला १५० तासांचं ओजेटी किंवा गटप्रकल्प आहे. दोन वर्षांच्या बी.एड.ला २०१४ च्या नियमांनुसार एकूण २० आठवडे शाळेत काढावे लागतात. एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम आला आणि त्यासोबत लॉगबुक. वॉर्डात उभी राहणारी नर्सिंगची मुलगी, झेडपीच्या शाळेत सराव पाठ घेणारा छात्रशिक्षक आणि गोकुळ शिरगावात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, उभा असलेला टर्नर या सगळ्यांचं शिक्षण आता कॉलेजच्या भिंतीबाहेर होतं. शिक्षक मात्र तेवढेच आहेत. माझ्याकडची तीस मुलं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि उद्यमनगर अशी पांगलेली असतात. मोटारसायकलवर फिरून एकेकाला महिन्यातून एकदा गाठलं तरी खूप झालं, आणि गाठतो तेव्हा तो नेमका जेवणाच्या सुट्टीत सापडतो.

मुळात कामाच्या जागी जाऊन काय बघायचं असतं? जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली याची एक सोपी उतरंड मांडली. सगळ्यात खाली, माहीत आहे. त्यावर, कसं करायचं ते माहीत आहे. त्यावर, करून दाखवतो. आणि टोकाला, रोजच्या कामात प्रत्यक्ष करतो. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्या तपासते. प्रॅक्टिकल तिसरी तपासते, कारण तिथं परीक्षक समोर असतो, मशीन मोकळं असतं आणि वेळ ठरलेला असतो. चौथी पायरी म्हणजे शिफ्ट संपत आली आहे, जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, निघायचा आहे, शेजारच्या मशीनचा आवाज आहे आणि कुणी बघत नाहीये, अशा वेळी मुलगा काय करतो. ती पायरी वर्गातून दिसत नाही. तिथं आधीपासून उभा असलेला माणूसच ती बघू शकतो, आणि त्याचं बघणं आमच्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचवायचं काम मोबाईल करतो.

एक उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे.

समजा, मुलाला बुशचा, म्हणजे नळकांड्यासारख्या भागाचा, बोअर करायचा आहे, म्हणजे त्याचं आतलं भोक नेमक्या मापाचं करायचं आहे. व्यास ४० मिलिमीटर आणि मापात चालणारी सूट ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जुन्या डायरीत याची नोंद 'बोअरिंग केले' अशी झाली असती. आता त्याच्या मोबाईलवर कामांची छोटी यादी आहे, ती आम्ही कारखान्यातल्या लोकांबरोबर बसून आधीच ठरवलेली. 'अचूक बोअर करणे व मोजणे' हे त्यातलं एक काम. मुलगा ते उघडतो आणि मिस्त्रींना म्हणतो, "मामा, आज माझं हे बघा." मिस्त्री मामा त्यांचं काम करता करता बघतात. मुलाने कोणतं मापयंत्र उचललं? साधा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंतच वाचतो, तेव्हा एवढ्या बारीक सुटीसाठी तो चालत नाही, भोकाचं आतलं माप घेणारा बोअर गेज लागतो. गेज घेतला तर झिरो सेट केला का, म्हणजे माप माहीत असलेल्या कड्यावर (रिंग गेजवर) धरून काटा शून्यावर आणला का? शेवटचा कट घेण्याआधी मोजलं की घेतल्यावर? जॉब गरम असतानाच मोजला का?

काम झाल्यावर मुलाच्या मोबाईलवर एक क्यूआर कोड येतो, तो मामा आपल्या मोबाईलने स्कॅन करतात. त्यांचा नंबर सुरुवातीलाच नोंदवलेला असतो, त्यामुळे पासवर्ड नाही, इंग्रजीतला लांबलचक फॉर्म नाही. तीन प्रश्न, तेही मराठीत, आणि शेवटी माईकचं चित्र. बोट दाबून ते बोलतात : "सर, पोरगं कालपतोर व्हर्नियरच लावत हुतं. आज मी न सांगता बोअर गेज मागून घेटला. पर झिरो सेट कराय इसारला. एकदा दावलंय, उद्या परत बघतो." वीस सेकंदं. चहाच्या सुट्टीत, मशीनपासून लांब उभं राहून, म्हणजे आवाज नीट येतो.

या वीस सेकंदांत जेवढं शिक्षण आहे, तेवढं महिनाअखेरीच्या 'समाधानकारक' या शेऱ्यात कधीच नव्हतं. लिहायला सांगितलं की मामा 'चांगला आहे' एवढंच लिहितात. लिहिण्याची त्यांना सवय नाही, आणि आपलं मराठी कागदावर शोभेल का याचा संकोच असतो. बोलायला सांगितलं की तीस वर्षांचा हात बोलतो. म्हणून माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग कॅमेरा नाही, जीपीएसही नाही. तो माईक आहे.

आता ते तीन प्रश्न. तिथं दहापैकी गुण विचारायची चूक आम्हीही आधी केली होती. सगळ्यांना आठ मिळाले. मामांना आठ आणि सात यांतला फरक कुणी समजावलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो मलाही समजावता आला नसता. यावर चांगला उपाय नेदरलँड्सच्या उट्रेख्तमधल्या ओले तेन काते यांनी २००५ साली डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी मांडला. गुण विचारू नका, भरवसा विचारा, असा त्याचा गाभा. हे काम या मुलावर किती सोपवाल? नुसतं बघू द्याल? तुम्ही शेजारी उभे असाल तर करू द्याल? तुम्ही शॉपमध्ये, म्हणजे मशीन विभागात, आहात, हाक मारली तर याल, एवढ्यावर सोडाल? त्याचं त्याला करू देऊन नंतर तपासाल? की तो आता दुसऱ्याला शिकवू शकतो? या पाच पायऱ्या कुठल्याही मिस्त्रीला, वॉर्डातल्या सिस्टरला, शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षिकेला एका क्षणात कळतात, कारण हाच निर्णय ते रोज घेत असतात. नव्या पोराकडं महागडा जॉब द्यायचा की नाही हे ते गुणपत्रक बघून ठरवत नाहीत.

माणूस माणसाला बघतो तेव्हा नजर फसतेच. एडवर्ड थॉर्नडाईक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिलं, की अधिकारी एखाद्या माणसाच्या एका गुणावर खूश असले की त्याच्या बाकीच्या, संबंध नसलेल्या गुणांनाही वरचढ मोजतात. आपल्याकडं याचं रूप ओळखीचं आहे. पोरगं वेळेवर येतं, वाकून नमस्कार करतं, चहा आणून देतं, म्हणून त्याचं बोअरिंगही चांगलं. याच्या उलट, गप्प राहणाऱ्या, कुणाच्या पुढंपुढं न करणाऱ्या मुलीचं मोजमाप कितीही अचूक असलं तरी नजरेत भरत नाही. दुसरी अडचण याहून नाजूक आहे. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ साली एक प्रश्न तपासला : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्या अनुभवी नर्स, नापास करायला हवं अशा विद्यार्थ्यालाही पुढं का ढकलतात? कारणं आपल्या एखाद्या कारखान्यात बसून लिहिल्यासारखी आहेत. शंका मनात असते, पण वेळेवर बोलून दाखवलेली नसते. शेवटी बोलावं तर हातात पुरावा नसतो. आणि त्या मुलीचं वर्ष आपल्या एका सहीने वाया जाईल हे मनाला पटत नाही.

मोबाईलने माणसाचं मन बदलत नाही, पण यातलं एक दुखणं हलकं होतं. तिसऱ्या दिवशीचं 'झिरो सेट कराय इसारला' हे तिसऱ्या दिवशीच नोंदलं जातं, तेव्हा ती नुसती सूचना असते, कुणाचं वर्ष बुडवणारा शेरा नसतो. मुलाला सुधारायला दिवस उरलेले असतात. मामांनाही एकदम मोठा निर्णय घ्यायचा नसतो, छोटी छोटी निरीक्षणं द्यायची असतात. वैद्यकीय शिक्षणात जॉन नॉर्सिनी यांनी १९९५ च्या सुमारास मांडलेली छोट्या निरीक्षणांची पद्धत याच पायावर उभी आहे : पंधरा-वीस मिनिटांचं बघणं, लगेच दोन शब्द, आणि हे अनेकदा, वेगवेगळ्या रुग्णांवर, वेगवेगळ्या निरीक्षकांकडून. एका कुस्तीवरून वस्ताद पठ्ठ्याला जोखत नाही, तसं एका नोंदीवरून निकाल लावायचा नाही. एका कामाच्या किमान चार-पाच नोंदी आणि त्या किमान दोन वेगळ्या माणसांच्या, असा आमचा दंडक आहे. त्यांत एखादी नाईट शिफ्टची असली तर उत्तम.

फार पूर्वी नाही, स्मार्टफोन सर्रास होण्याआधी, हाच प्रयोग इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात झाला. २००५ साली लीड्स विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच विद्यापीठं एकत्र आली. नर्सिंग, फिजिओथेरपी, समाजकार्य अशा १६ व्यवसायांचे विद्यार्थी त्यात होते. सगळ्यांना लागू होतील अशी संवाद, एकत्र काम आणि नैतिक वागणूक ही सामाईक कौशल्यं त्यांनी ठरवली, विद्यार्थ्यांच्या हातात मोबाईल यंत्रं दिली आणि कामाच्या जागीच ती तपासली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. शेरा फक्त साहेबांचा घेतला नाही. विद्यार्थ्याने स्वतःचं सांगायचं, सोबत्याने सांगायचं, आणि ज्याची सेवा केली त्या रुग्णानेही सांगायचं. आपल्याकडच्या नर्सिंगच्या मुलींसाठी हे आजही करण्यासारखं आहे. सुई टोचण्याआधी मुलीने आपल्याला काय सांगितलं, हे गगनबावड्याहून आलेली आजी कुठल्याही परीक्षकापेक्षा नेमकं सांगेल. त्या आजीला नाही म्हणायची मोकळीक मात्र हवी, आणि तिच्या उत्तरावरून तिच्या उपचारात काही फरक पडणार नाही हे तिला आधी सांगायला हवं.

तेव्हा यंत्रं वाटावी लागली. आज ती खिशात आहेत, म्हणून अडचणी संपल्या असं नाही.

पहिली अडचण रेंजची. पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीजवळ, तळघरातल्या एक्स-रे विभागात किंवा शाहूवाडीतल्या वाडीवरच्या शाळेत इंटरनेट असेलच असं नाही. म्हणून ॲप असं हवं, की नोंद आधी मोबाईलमध्येच साठेल आणि रेंज आली की आपोआप वर जाईल. निवडताना मी एकच परीक्षा घेतो : मोबाईल फ्लाईट मोडवर टाकायचा, नोंद करायची, मोबाईल बंद करून चालू करायचा. नोंद टिकली तर पुढं बोलायचं. फोटोंचाही हिशेब करावा लागतो. आजच्या मोबाईलचा एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. तीस मुलं, रोज तीन फोटो, पंचवीस दिवस, म्हणजे २२५० फोटो, साधारण ७ ते ९ जीबी. तेच ॲपने फोटो २०० केबीपर्यंत लहान केले तर ४५० एमबीत भागतं. मुलाच्या डेटा पॅकचे पैसे त्याचे वडील भरतात, हे ॲप बनवणाऱ्याने विसरू नये.

मग व्हॉट्सॲप ग्रुपच का नको, असं सगळेच विचारतात. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. निरोपासाठी तो उत्तम आहे, पुराव्यासाठी कच्चा. फोटो नेहमीसारखा पाठवला की तो कधी आणि कुठं काढला ही त्यात दडलेली माहिती निघून जाते. कुणाचा फोटो कुणी पुढं ढकलला ते कळत नाही. आणि एका मुलाची चूक तीस जणांसमोर येते. शेवटचं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. ज्या मुलाची चूक ग्रुपवर चर्चिली गेली, तो पुढच्या वेळी चूक दाखवत नाही, आणि मग आपल्याला फक्त चकचकीत जॉबचे फोटो मिळतात.

जीपीएस हजेरीबद्दल स्पष्टच बोलतो. मोबाईल म्हटलं की संस्थाचालकांच्या डोळ्यांसमोर आधी हेच येतं : मुलगा कुठं आहे ते नकाशावर दिसलं की झालं. मोकळ्या आकाशाखाली मोबाईल आपली जागा साधारण ५ मीटरच्या आत सांगतो. पत्र्याच्या शेडखाली, उंच इमारतींच्या मध्ये हा आकडा कितीतरी पटींनी घसरतो, आणि प्रामाणिकपणे मशीनवर उभा असलेला मुलगा 'गैरहजर' ठरतो. ज्याला फसवायचंच आहे त्याला खोटी जागा दाखवणारी ॲप मिळतात. आणि एवढं करून काय कळलं? मुलगा गेटच्या आत होता. पॅकिंगला असलेला माझा तो मुलगाही सव्वीस दिवस गेटच्या आतच होता. हजेरी कारखान्याच्या मस्टरवरून घ्यावी. मोबाईलची ताकद कामाकडं बघण्यात खर्च करावी.

कॅमेऱ्याचं तर आणखी वेगळं आहे. बऱ्याच कारखान्यांत शॉपमध्ये मोबाईल नेता येत नाही, काही ठिकाणी गेटवरच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. ते बरोबरच आहे. ड्रॉइंग गिऱ्हाइकाची असते, आणि जॉब पकडून फिरणाऱ्या चकसमोर मोबाईल हातात घेतलेला मुलगा मला स्वतःला बघवणार नाही. अशा ठिकाणी फोटोचा आग्रह सोडायचा. मुलाने मोजमापाचे आकडे वहीत लिहायचे, शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर नोंद करायची, आणि मामांचा आवाज तिथंच घ्यायचा. रुग्णालयात नियम याहून कडक : रुग्णाचा चेहरा, केसपेपर, खाटेचा नंबर काहीही फोटोत नको. शाळेत छात्रशिक्षकाचा पाठ चित्रित करायचा तर कॅमेरा शिक्षकावर आणि फळ्यावर, मुलांच्या चेहऱ्यांवर नाही.

आणि विद्यार्थ्याचं स्वतःचं काय? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आयटीआयच्या पहिल्या वर्षातली कितीतरी मुलं या वयाची असतात. म्हणून प्रवेशाच्या गठ्ठ्यात एक सही उरकून घेण्यापेक्षा पालकांना बसवून सांगावं : काय टिपणार, कोण बघणार, निकालानंतर काय पुसणार. ज्या मुलाकडं चालू मोबाईल नाही, त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून दुसरी वाट तयार हवी. आम्ही मिस्त्रींच्याच मोबाईलवर त्या मुलाच्या नावाने नोंद घेतो. गुण तेवढेच, मुलाला कुणापुढं हात पसरायला लागत नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी तीनच कामं निवडावीत. पहिल्या खेपेला आम्ही बावीस निवडली होती आणि दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री फोन उचलेनासे झाले. त्यांचा दोष नव्हता. त्यांना पगार प्रॉडक्शनचा मिळतो, आमच्या मूल्यमापनाचा नाही. महिन्याला त्यांचा एकूण अर्धा तास मागायचा, त्याहून जास्त नाही, आणि त्या अर्ध्या तासाबद्दल संस्थेच्या सहीचं पत्र त्यांना आणि त्यांच्या मालकांना द्यायचं. त्या पत्राला माणसं जपतात.

शिक्षकाचाही वेळ लागतो, आणि तो कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो. नोंदी वाचल्या गेल्या नाहीत तर आठवड्याभरात मुलं त्या टाकायच्या थांबवतात, हे मी दोन बॅचना बघितलं आहे. म्हणून रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास मी त्यासाठीच ठेवतो. सगळ्यांना उत्तर देणं होत नाही, सात-आठ जणांना देतो, रोज वेगळ्या. बोअर गेजवाल्या त्या मुलाला मी एकच ओळ लिहिली होती : 'उद्या झिरो कशावर सेट करणार?' दुसऱ्या दिवशी दुपारी, शिफ्ट सुटल्यावर त्याचा निरोप आला. 'सर, रिंग गेजवर केला. आमचा सापडत नव्हता, शेजारच्या लाईनवरनं मागून आणला. मामांनी आज शेजारी न थांबता सोडलं.'